गाडी पसंत करावी मागच्या सीटवर बसून

सभासद बंधू-भगिनींनो,



आपल्या या पत्रिकेत बेण्याविषयी, ठिबकाविषयी, पाचट न जाळण्याविषयी आपण वरचेवर वाचतो. आज मी जरा वेगळा विषय घेतो आहे. विषय आहे घरच्या चारचाकीचा.

निम्न दुधनाचं पाणी शिवारात आलं, ऊस वाढला, आणि ऊसबिल जमा झालं की घरात दोन गोष्टी निघू लागल्या. एक लेकीचं लग्न आणि दुसरी गाडी. लग्नावर बोलायला भावकीतली, सोयऱ्यातली दहा माणसं बसतात. सुपारी फुटेपर्यंत चार बैठका होतात. गाडीसाठी मात्र एकही बैठक होत नाही. थोरला पोरगा आणि त्याचे दोन मित्र परभणीला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला जातात आणि दिवे लागणीला पेढे घेऊन परत येतात. घरच्या बायकांना गाडीचा रंग कळतो तो हळदकुंकू लावताना.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. गाडी जो पसंत करतो तो पुढं बसतो. ज्यांच्यासाठी ती घेतली असं आपण म्हणतो, ती म्हातारी माणसं, बायका आणि लेकरं मागं बसतात. त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून सहा-सात माणसांच्या घरानं गाडी मागच्या सीटवर बसून पसंत करावी, आणि गाडीत पट्टे जितके तितकीच माणसं बसतील, असा नियम गाडी दारात येण्याआधीच घरात करावा.

गाडी ही चैन नाही

आधी एक गैरसमज काढून टाकतो. गाडी घेणं म्हणजे उधळपट्टी, असं मी म्हणत नाही. आपण ट्रॉलीत बसून वऱ्हाडं नेलेली माणसं आहोत. अजूनही जत्रेला आणि शेतकामाला ट्रॉलीतूनच माणसं नेली जातात. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात शेतकामाला निघालेल्या मजूर महिलांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात महिला त्यात गेल्या. हे गाव आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं. ट्रॉली उसासाठी केलेली आहे. तिला ना पट्टा, ना छप्पर, ना माणसाला धरायला काही. तेव्हा माणसं न्यायला माणसांचं वाहन हवं, याबद्दल माझं दुमत नाही.

रात्री-अपरात्री दवाखाना, परीक्षेच्या दिवशी लेकरांना तालुक्याला पोचवणं, म्हाताऱ्या माणसाला परभणीला दाखवणं, या गरजा खऱ्या आहेत. १०८ ची गाडी आहे, पण ती येईपर्यंतचा वेळ ज्यानं काढला त्यालाच तो माहीत. म्हणून गाडी घ्यावी की नाही यापेक्षा ती कशी निवडावी, यावर बोलू.

व्हॅन आणि सुमोचे दिवस

मोठ्या घरांची सोय ज्यांनी आधी केली त्या दोन गाड्या आपल्या सर्वांच्या ओळखीच्या. मारुती उद्योगाची व्हॅन १९८४ साली निघाली, पुढं तिचं नाव ओम्नी पडलं. इंजिन ७९६ सीसीचं, म्हणजे मारुती ८०० चंच, पण सरकत्या दारांच्या त्या डब्यात अख्खं घर मावायचं. डॉक्टरकडं व्हॅन, शाळेला व्हॅन, लग्नात नवरीला आणायलाही व्हॅन. दुसरी टाटांची सुमो, १९९४ ची. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरं जोडून हे नाव ठेवलं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. या दोन्ही गाड्या २०१९ साली बंद झाल्या. सुरक्षिततेचे आणि धुराचे नवे नियम येत होते आणि त्या जुन्या बांधणीत ते बसवणं अवघड होतं. व्हॅनला पुढं नाकच नव्हतं. धडक झाली तर पहिला मार चालवणाऱ्याच्या गुडघ्यांवर यायचा.

त्या गाड्यांनी सोय केली तशी एक वाईट सवयही लावली. गाडीत किती माणसं बसतात, या प्रश्नाला आपण "बसवाल तितकी" असं उत्तर देऊ लागलो. आठ जणांच्या गाडीत चौदा जण बसवल्याचं आपण अजून कौतुकानं सांगतो.

आमच्याच घरची गोष्ट

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी स्वतःची चूक सांगतो. आमच्या घरी सात जणांची गाडी आली तेव्हा ती पाहायला मी आणि पुतण्या दोघेच गेलो होतो. दोघंही पुढं बसलो, एक चक्कर मारली, गार हवा लागली, गाडी पसंत पडली. मागच्या रांगेत कोणी बसून पाहिलं नाही.

श्रावणात औंढ्याला निघालो तेव्हा सगळं ध्यानात आलं. आई गुडघ्यानं अधू. मधली सीट दुमडून, वाकून मागच्या रांगेत जाणं तिला जमेना. ती मधे बसली, तिच्याजवळ दोन सुना. मागं गेली चार लेकरं, जागा मात्र दोघांची. पट्टे होते, पण ते सीटखाली गेलेले. कोणी ते बाहेर काढले नाहीत, मीही नाही. येताना अंधारात रोही आडवं आलं. पुतण्यानं करकचून ब्रेक दाबला. रोही वाचलं, गाडीला ओरखडाही नाही. पण मागचं एक लेकरू मधल्या सीटवरून पुढं आलं आणि कपाळाला पाच टाके पडले. डोळा थोडक्यात बचावला. दवाखान्यात आई मला एवढंच म्हणाली, "बाबा, मला मागं बसून बघाय नेलं असतंस, तर मी तिथंच सांगितलं असतं, ही जागा लेकरायची नाही."

दोष गाडीचा नव्हता. तिच्यात पट्टे होते. दोष नऊ माणसं भरणाऱ्याचा होता, म्हणजे माझा. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

आधी माणसं मोजा, मग गाडी

गाडी पाहायला निघण्याच्या आदल्या रात्री एक कागद घ्या आणि त्यावर दोन गोष्टी लिहा. रोज किंवा आठवड्याला गाडीत किती माणसं बसणार, ही पहिली. वर्षातून किती दिवस सहापेक्षा जास्त बसणार, ही दुसरी.

बहुतेक घरांत पहिलं उत्तर तीन ते पाच येईल आणि दुसरं दहा ते वीस दिवस. तसं असेल तर खरी गरज चांगल्या पाच जागांची आहे. राहिलेल्या दोन जागा अडीअडचणीला असल्या म्हणजे पुरे. लग्नसराईतल्या चार दिवसांसाठी वर्षभर मोठं धूड सांभाळणं म्हणजे पाहुण्यांसाठी रोज दहा शेर कणीक मळण्यासारखं आहे. आणि पहिलंच उत्तर सात येत असेल, म्हणजे दोन भावांचं बिऱ्हाड एकत्र आणि लेकरं चार, तर तिसरी रांग रोजच्या वापराची आहे असं समजून ती नीट पारखा.

एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. आरसीवर बसण्याच्या जागा सात लिहिलेल्या असतील तर त्या ड्रायव्हर धरून सात. ड्रायव्हर सोडून सात नव्हेत.

एसटीलाही विसरू नका. मार्च २०२३ पासून बाया-मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. परभणी, जालना, नांदेडसाठी सेलूच्या स्टेशनावर रेल्वे मिळते. एकट्या माणसाच्या कचेरीच्या कामाला सात जणांची गाडी काढणं हा पेट्रोलचा नास आहे. २०२१ साली पेट्रोलनं शंभरी गाठली तेव्हा राज्यात अगदी आधी गाठणाऱ्या गावांत आपल्या परभणीचं नाव होतं, हे आपण विसरलो नसू.

आजी आणि नातू, दोघांना सोबत न्या

गाडी पाहायला जाताना घरातलं सर्वांत म्हातारं माणूस आणि सर्वांत लहान लेकरू सोबत न्या. शोरूमवाले चहा देतील, हसतीलही. हसू द्या. चालवून पाहण्याआधी एवढं करून पाहा :

आजीला कोणाच्या आधाराशिवाय चढता-उतरता येतं का? नऊवारी लुगड्यात पायरी किती उंच पडते? मधल्या सीटवर ती बसल्यावर गुडघे पुढच्या सीटला लागतात का?

तिसऱ्या रांगेत घरातल्या एका मोठ्या माणसानं दहा मिनिटं बसावं. गुडघे छातीशी येतात का? डोकं मागच्या काचेपासून किती दूर राहतं? लहान गाडीत ही काच डोक्याच्या अगदी जवळ असते. मागून धडक झाली तर पहिला मार तिथं बसतो, आणि नेमकी तिथंच आपण लेकरं बसवतो.

पट्टा प्रत्येक जागेला आहे का? तो खांद्यावरून येतो की नुसता कमरेचा आहे? लेकरू असेल त्याच्या हाताला तो लागतो का?

सातही जागा भरल्यावर सामान कुठं राहतं? हा प्रश्न शोरूममध्ये कोणी विचारत नाही. मग सामान पायात, मांडीवर आणि छपरावर जातं.

बाजारातल्या तीन गाड्या

आता नावं घेऊन बोलतो. मला कोणत्याच कंपनीचं काही घेणं-देणं नाही.

पहिली मारुतीची ईको. ती २०१० साली आली आणि व्हॅनची खरी वारस तीच. दारं सरकती, इंजिन पुढच्या सीटखाली, जोर मागच्या चाकांना. काम साधं आणि दुरुस्ती करणारा तालुक्यात सापडतो. पूर्वी ती पाच आणि सात जागांची मिळायची. २०२५ साली सात जागांच्या ठिकाणी सहा जागांची आली आणि सहा एअरबॅगही आल्या. म्हणजे सात जागांची ईको कोणी दाखवली तर ती जुनी समजावी. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेनं विनाएअरबॅगची ईको धडकवून पाहिली तेव्हा तिला एकही तारा मिळाला नव्हता. जुनी ईको घेणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं.

दुसरी रेनॉची ट्रायबर, २०१९ ची. लांबी चार मीटरच्या आत आणि तरी जागा सात. मागच्या सीट सुट्या करून घरी ठेवता येतात, ही तिची खरी करामत. सगळ्या सीट लावल्या तर सामानाला ८४ लिटर जागा उरते. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याच्या मापानं सांगायचं तर पाच डबे. मागची रांग काढली की ६२५ लिटर, म्हणजे सदतीस-अडतीस डबे. एरवी पाच माणसं आणि भरपूर सामान, प्रसंगाला सात माणसं आणि दोन पिशव्या, असं ज्यांचं घर आहे त्यांच्या मापाची ही गाडी. २०२१ साली धडकेच्या परीक्षेत मोठ्या माणसांसाठी तिला चार तारे आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. उणीव अशी की इंजिन ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ७२ अश्वशक्तीचं. सात माणसं भरून चढ लागला की गिअर उतरवावा लागतो आणि ओव्हरटेक करताना दहादा विचार करावा लागतो.

तिसरी मारुतीची अर्टिगा, २०१२ ची. हल्ली आहे ती बांधणी २०१८ च्या अखेरची. लांबी जवळजवळ चार मीटर चाळीस सेंटीमीटर, इंजिन १४६२ सीसीचं. तिसऱ्या रांगेत मोठं माणूस बसू शकतं आणि सातही जागा भरल्यावर मागं २०९ लिटर, म्हणजे बारा डबे जागा उरते. रोज सहा-सात माणसं असतील तर सोय हिच्यात जास्त. पण २०१९ च्या परीक्षेत तिला तीन तारे होते, आणि पुढं परीक्षा कडक झाल्यावर २०२४ साली आफ्रिकेसाठी तपासलेल्या, आपल्याच देशात बनलेल्या अर्टिगाला मोठ्या माणसांसाठी एकच तारा मिळाला. जुन्या परीक्षेचे तारे आणि नव्या परीक्षेचे तारे एका तागडीत तोलू नयेत. २०२३ पासून आपल्या देशाची भारत एनकॅप परीक्षाही सुरू आहे. घेताना त्या मॉडेलची सर्वांत अलीकडची परीक्षा कोणती, हे विचारावं.

करातही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. ट्रायबर आणि ईको पहिल्या खणात, अर्टिगा दुसऱ्या. शिवाय दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर रस्ताकर ११ टक्के आणि वर विमा. म्हणून पाटीवरची किंमत विचारू नका, "गाडी रस्त्यावर येईपर्यंत किती?" असं विचारा.

सीएनजीचं आकर्षण पुष्कळांना आहे. तो पंप आपल्या नेहमीच्या वाटेवर आहे का, हे आधी पाहा. कंपनीच्या सीएनजी ईकोत जागा पाचच मिळतात. कोणत्याही गाडीत टाकीला जागा लागतेच, हे गृहीत धरा.

काळ्या मातीचा प्रश्न

काही सभासद म्हणतील की आपल्याला उंच, दणकट गाडीच हवी, वावरात जायचं असतं. मला हे पटत नाही. मृगाचे दोन पाऊस झाले की आपल्या काळ्या मातीच्या पांदणीत कोणतीच मोटार चालत नाही. उंच गाडीही चिखलात रुतते आणि शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. वावरासाठी ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आहे. घरच्या गाडीनं डांबरी रस्त्यानं माणसं सुखरूप नेली की तिचं काम झालं. पांदणीसाठी चार-पाच लाख जास्त घालण्यापेक्षा गावानं मिळून पांदण रस्ता करून घ्यावा.

राहिला इज्जतीचा प्रश्न. उंच पांढरी गाडी दारात असली की सोयरीक चांगली जमते, असं म्हणतात. जमत असेलही. पण हल्ली पोरीचा बाप गाडी पाहतो तसा बोजाही पाहतो.

हप्ता किती टन ऊस खातो?

आता हिशेब आपल्या भाषेत मांडतो. समजा सहा लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता पावणेतेरा हजार रुपये पडतो, म्हणजे वर्षाला एक लाख त्रेपन्न हजार. पाच वर्षांत व्याजच एक लाख पासष्ट हजारांच्या आसपास जातं.

२०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. आपला उतारा आणि तोडणी-वाहतूक धरून हातात टनाला अडीच हजार पडले असं समजू. तर वर्षाचा हप्ता एकसष्ट टन ऊस खातो. एकरी तीस टन धरले तर दोन एकर उसाचं बिल, पाच वर्षं, नुसतं हप्त्याला. पेट्रोल, विमा, टायर, सर्व्हिसिंग वेगळं. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जात असेल आणि पेट्रोल लिटरला एकशे पाच रुपये धरलं तर किलोमीटरला सात रुपये त्याचेच.

दुसऱ्या बाजूनं पाहा. वर्षातले वीस दिवस भाड्याची गाडी केली आणि दिवसाला साडेतीन हजार दिले असं समजलं, तर सत्तर हजार होतात. ज्याच्या कागदावर वीसच दिवस आले त्यानं आणखी दोन वर्षं थांबायला हरकत नाही. ज्याच्या घरी दर आठवड्याला दवाखाना आहे त्यानं थांबू नये.

आणखी एक अडचण. आपलं बिल येतं हंगामात आणि हप्ता येतो दर महिन्याला. भाद्रपदात हातात पैसा नसतो तेव्हा खासगी व्याजानं पैसे काढून हप्ता भरणारे सभासद मी पाहिले आहेत. बँकेत सहामाही हप्ता बांधून मिळतो का, हे सही करण्याआधी विचारा. मिळत नसेल तर बिल आल्यावर वर्षाचे हप्ते वेगळ्या खात्यात काढून ठेवा आणि उरलेल्यात संसार करा. तेवढं उरत नसेल तर गाडी लहान घ्या किंवा जुनी घ्या.

जुनी घेताना सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो तसा आरसीवरचा बोजा पाहा. फायनान्स फिटल्याचा दाखला हातात घ्या, गाडी लगेच नावावर करून घ्या आणि दोन एअरबॅग, एबीएस नसलेली गाडी स्वस्त मिळाली तरी लेकरांसाठी घेऊ नका. एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं आहे, तेव्हा त्यानंतरची पाहिलेली बरी.

चुली वेगळ्या झाल्या तरी वाडा एक असेल तर दोन भावांत एक गाडी चालू शकते. सहकार आपण कारखान्यात करतो, तो घरात का करू नये? मात्र पेट्रोल कोणाचं, विमा कोणाचा आणि चालवणार कोण, हे आधी वहीत लिहावं. तोंडी ठरलेलं दिवाळीपर्यंतच टिकतं.

चालवणाऱ्याविषयी

गाडी ज्याच्या नावावर तोच जबाबदार. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनं अठराच्या आतल्या पोराच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. बिनपरवान्याच्या माणसाच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी नुकसानभरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. त्यात वावर जाऊ शकतं. तसंच गाडी रिकामी उभी आहे म्हणून पांढऱ्या पाटीवर भाडी मारू नका. घरगुती विमा भाड्याच्या प्रवाशांसाठी नसतो.

पट्ट्याचं तर सांगितलंच पाहिजे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. गाडी परदेशी कंपनीची, महागडी, एअरबॅगा असलेली. ते मागं बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. इतक्या मोठ्या गाडीत जे झालं ते आपल्या गाडीत होणार नाही, असं कोण म्हणेल? मागच्या माणसालाही पट्टा कायद्यानं सक्तीचा आहे. चौदा वर्षांखालचं लेकरू पट्ट्याविना दिसलं तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा. पुढच्या सीटवर मांडीवर लेकरू घेऊन बसणं हे तर सर्वांत वाईट. एअरबॅग फुटते ती मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबानं, आणि तिच्यासमोर असतं आपलं लेकरू.

संचालक मंडळाला एक विनंती

हंगामात रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि त्याच रस्त्यानं आपल्याच सभासदांच्या गाड्या येतात. मागं लाल दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली, रस्त्यात बंद पडलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. ट्रॉलीही आपली आणि गाडीही आपली. गव्हाणीवर ट्रॉली रिकामी झाली की रिफ्लेक्टर पाहूनच तिला बाहेर सोडावं. नसेल तर तिथंच लावावा आणि पट्टीचे पैसे वाहतूक बिलातून कापावेत. माझी ट्रॉली असेल तर माझे आधी कापा.

सभासदांनो, पेढे वाटण्याआधी एक दिवस द्या. घरात कागदावर माणसं मोजा. आजीला आणि नातवाला सोबत न्या. मागच्या रांगेत स्वतः दहा मिनिटं बसा. आणि जितके पट्टे तितकी माणसं, हे ठरवूनच किल्ली हातात घ्या. जास्तीची माणसं एसटीनं येतील, उशिरा येतील, थोडी रुसतील. रुसलेली माणसं पुढच्या लग्नात पुन्हा बोलतात. आमच्या लेकराच्या कपाळावरची खूण मात्र मला रोज जेवताना समोर दिसते.

माझं काही चुकत असेल तर सभासदांनी पुढच्या अंकात अवश्य लिहावं.

जय सहकार!

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद, सेलू